भूमध्य समुद्राकाठी स्वस्तात राहायचं, तर भाडं किती आणि कागद केवढ्याचा?

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर आल्मेरिया नावाचं शहर आहे. समुद्र आहे, बहुतेक दिवस ऊन असतं, आणि बाजारात टोमॅटो-काकडी-ढोबळी मिरची मुबलक, कारण निम्म्या युरोपला पुरणाऱ्या या भाज्या शहराबाहेर प्लॅस्टिकच्या हरितगृहांत पिकतात. दोन खोल्यांचं साधं घर महिना ६०० ते ८०० युरोंत मिळू शकतं. हात आखडून राहणाऱ्या जोडप्याचं दीड हजार युरोंत महिन्याचं भागतं. युरो सध्या शंभर रुपयांच्या वर आहे, पण तोंडी हिशोबाला शंभर धरू. म्हणजे महिना दीड लाख, वर्षाचे अठरा लाख. पुण्या-मुंबईत दोन घरं असलेल्या, पेन्शन आणि ठेवींवर जगणाऱ्या जोडप्याला हा आकडा अगदीच हाताबाहेरचा वाटत नाही.

पण तिथे वर्षभर राहण्याचा परवाना देताना स्पेन सरकार विचारतं ते वेगळंच. काम न करता राहणाऱ्यांसाठीच्या व्हिसाला अर्जदारानं ‘इप्रेम’ या सरकारी निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न दाखवायचं असतं, आणि सोबतच्या प्रत्येक माणसामागे आणखी एकपट. हा निर्देशांक गेली काही वर्षं महिना ६०० युरो आहे. म्हणजे एकट्याला वर्षाला २८,८०० युरो आणि नवरा-बायकोला मिळून ३६,०००. खर्च अठरा लाख, दाखवायचे छत्तीस लाख.

परदेशातल्या स्वस्त शहरांच्या याद्या आणि व्हिडिओ या छत्तीस लाखांबद्दल क्वचितच बोलतात. ते भाडं सांगतात, कॉफी सांगतात, वाइनची बाटली सांगतात. कारण ते सांगणारा माणूस बहुतेकदा अमेरिकन, ब्रिटिश किंवा डच असतो. त्याचं पेन्शन डॉलर-पौंड-युरोत येतं, आणि त्याच्यासाठी कागदाचा प्रश्न एकतर नसतोच, नाहीतर सोपा असतो. भारतीय पासपोर्टवाल्यासाठी गावाची खरी किंमत घरभाड्यावर ठरत नाही, परवान्याच्या अटींवर ठरते. म्हणून इथे गावांपेक्षा कागदांबद्दल जास्त सांगणार आहे.

अल्बेनियाचंच बघा. ग्रीसच्या वर, इटलीच्या समोर, एड्रियाटिक आणि आयोनियन समुद्रांवरचा छोटा देश. व्ल्योरा, सारांदा, दुर्रेस ही किनाऱ्यावरची शहरं सध्या सगळ्या याद्यांत वर असतात. तिथलं चलन लेक. गंमत अशी, की साधारण ९७-९८ लेकांना एक युरो येतो, त्यामुळे एक लेक जवळपास एक रुपया पडतो आणि आपल्याला दुकानातली पाटी थेट रुपयांत वाचता येते. पण अल्बेनियाची एवढी तारीफ अमेरिकन लोकांनी का केली? अमेरिकन नागरिकाला तिथे व्हिसा न घेता सलग वर्षभर राहता येतं, म्हणून. आपल्याकडे शेंगेनचा (युरोपातल्या २९ देशांत चालणारा), ब्रिटनचा किंवा अमेरिकेचा चालू, अनेक प्रवेशांचा आणि एकदा वापरलेला व्हिसा असेल, तर अल्बेनियात वेगळा व्हिसा न घेता ९० दिवस राहता येतं. हेही वाईट नाही. पण त्याचं वर्ष आणि आपले तीन महिने, यात घरभाड्याचं सगळं गणित बदलतं. किनाऱ्यावरचे घरमालक सप्टेंबर ते मे घर स्वस्त देतात आणि जून लागला की पर्यटकांसाठी रिकामं करून मागतात. व्हिडिओत दिसतं ते हिवाळ्याचं भाडं. आणि गेल्या काही वर्षांत लेक युरोच्या तुलनेत बराच वधारला आहे, त्यामुळे जुन्या व्हिडिओतले युरोचे आकडे आता लागू नाहीत.

आता मुख्य नियम. युरोपातल्या २९ देशांचा मिळून शेंगेन प्रदेश आहे. भूमध्य समुद्राकडचे स्पेन, फ्रान्स, इटली, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, ग्रीस आणि माल्टा त्यात येतात. सायप्रस युरोपियन संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही. माँटेनेग्रो, अल्बेनिया, तुर्की, इजिप्त, ट्युनिशिया, मोरोक्को हे बाहेरचे. शेंगेनच्या साध्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. इथे बरेच जण गोंधळतात. हे १८० दिवस जानेवारी ते जून असे ठरलेले नसतात. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस मोजायचे, आणि त्यांत तुमचे सगळ्या शेंगेन देशांतले मिळून ९० पेक्षा जास्त दिवस भरता कामा नयेत. इटलीत ५० दिवस काढून स्पेनला गेलात म्हणून मीटर शून्यावर येत नाही. पूर्वी हे शिक्के पाहून मोजावं लागे. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करणारी नवी यंत्रणा सीमेवर सुरू झाली आहे, तेव्हा आता मोजणी संगणक करतो आणि त्याला दया येत नाही.

या ९०/१८० च्या चौकटीतच एक बऱ्यापैकी चांगला रस्ता आहे, आणि माझ्या मते बहुतेक मराठी निवृत्तांसाठी तोच खरा रस्ता आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन संघानं भारतीयांसाठी नियम सैल केले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून ते नीट वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो. तोही नीट वापरला आणि पासपोर्टची मुदत पुरेशी असेल, तर त्यानंतरचा पाच वर्षांचा. हातात असा व्हिसा असलेलं जोडपं वर्षातून दोनदा तीन-तीन महिने भूमध्य समुद्राकाठी काढू शकतं, मधले महिने घरी किंवा अल्बेनियासारख्या बाहेरच्या देशात. छत्तीस लाखांची अट नाही, इथलं घर बंद करायची गरज नाही, आणि तिथल्या कर-खात्याशी संबंध येत नाही. ९० युरोंची व्हिसा फी, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा, परतीचं तिकीट आणि खर्चाला पैसे आहेत याचा पुरावा, एवढ्यावर काम होतं. मात्र ही पर्यटकाचीच ओळख. काम करायचं नाही, मुलाला शाळेत घालायचं नाही, आणि व्हिसा आहे म्हणून सीमेवरच्या अधिकाऱ्याला प्रश्न विचारायचा हक्क नाही असं समजायचं नाही.

ज्यांना खरंच मुक्काम हलवायचा आहे, त्यांच्यासाठी प्रत्येक देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा असतो. इथे आकडे शेजारी ठेवले की नकाशा उलटा दिसायला लागतो. ग्रीस स्वस्त, असा सगळ्यांचा समज आहे, आणि अथेन्स-सँटोरिनी सोडलं तर तो बराचसा खरा आहे. कालामाता, व्होलोस, क्रीटमधली आतली गावं, इथे आल्मेरियाच्या भावात राहता येतं. पण स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठीच्या ग्रीक व्हिसाची अट पूर्वी महिना २,००० युरो होती, ती २०२४ पासून ३,५०० झाली, आणि जोडीदारामागे त्यात २० टक्के वाढतात. म्हणजे जोडप्याला महिना ४,२००, वर्षाला ५०,४०० युरो. पन्नास लाखांवर. उलट फ्रान्स महाग म्हणून आपण तो यादीतच घेत नाही. पण फ्रान्सचा ‘व्हिजितर’ नावाचा वर्षभराचा व्हिसा आहे. त्यात उत्पन्नाचा मापदंड म्हणून साधारण फ्रान्सचं किमान वेतन धरतात, हाती येणारे महिना १,४०० युरोंच्या आसपास. आणि फ्रान्सचा भूमध्य किनारा म्हणजे फक्त नीस आणि कान नव्हे. पश्चिमेला स्पेनच्या सीमेकडे सरकलात की पेर्पिन्याँ, नार्बोन, बेझिये ही शहरं लागतात. बेरोजगारी जास्त, चकचकाट कमी, घरं फ्रान्सच्या मानानं बरीच स्वस्त. भाडं ग्रीसपेक्षा जास्त असेल, पण कागद स्वस्त.

इटलीचा ‘रेजिदेन्झा एलेत्तिवा’ व्हिसा याच जातीचा. एकट्याला वर्षाला साधारण ३१,००० युरो, जोडप्याला त्याहून जास्त. इथे रकमेइतकंच उत्पन्नाच्या जातीला महत्त्व आहे. इटलीच्या वकिलातीला नियमित येणारं, काम न करता येणारं उत्पन्न हवं असतं: पेन्शन, घरभाडं, लाभांश. नुसती मोठी ठेव दाखवून भागेलच असं नाही. स्पेन त्या मानानं बँकेतली शिल्लकही विचारात घेतो. आणि या सगळ्या व्हिसांत काम करायला बंदी. ‘मी तर पुण्याच्या कंपनीचं काम घरबसल्या करणार, तिथल्या कुणाची नोकरी खाणार नाही’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

तसं काम करणाऱ्यांसाठी वेगळा डिजिटल नोमॅड व्हिसा आहे. स्पेननं तो २०२३ मध्ये आणला, त्यात उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट लागतं. क्रोएशियाचा दीड वर्षापर्यंतचा, इटलीचा २०२४ पासूनचा. सगळ्यांची पायरी महिना साधारण दोन ते साडेतीन हजार युरोंच्या दरम्यान फिरते, ग्रीसची इथेही साडेतीन हजार. हिंजवडीत चांगल्या पगारावर असलेल्या माणसाला ती गाठता येईल, पण कंपनी ‘परदेशातून काम करायला हरकत नाही’ असं लेखी देईल का, हा आकड्यापेक्षा अवघड प्रश्न आहे. बहुतेक कंपन्या देत नाहीत, कारण तिथल्या करांची आणि सामाजिक सुरक्षेची भानगड त्यांच्या गळ्यात येते. फ्रीलान्सरांचं जरा सोपं.

एक युरोचं घर

हा विषय निघाला, की हमखास कुणीतरी फोनवर बातमी दाखवतं: इटलीत एक युरोत घर. बातमी खोटी नाही. सिसिलीतल्या सालेमी गावात २००८ मध्ये ही कल्पना पुढे आली. १९६८ च्या भूकंपानं त्या पट्ट्यातली गावं मोडली होती आणि माणसं उत्तरेला किंवा परदेशी निघून गेली होती. पुढे सिसिलीतल्या गांजी, मुस्सोमेली, साम्बूका, सार्डिनियातलं ओल्लोलाई अशा बऱ्याच गावांनी ती उचलली. गाव ओस पडतंय, शाळा बंद होतेय, पडक्या घरांचे दगड गल्लीत कोसळतायत. नगरपालिकेला घर विकून पैसे कमवायचे नसतात, ते कुणीतरी दुरुस्त करावं एवढंच हवं असतं. एक युरो ही त्याची जाहिरात.

अटी पाहिल्या की हे कळतं. साधारणपणे ५,००० युरो अनामत ठेवायची, आणि दोन-तीन वर्षांत दुरुस्ती पुरी केली नाही तर ती जप्त. नोटरीचा खर्च तुमचा, नकाशे आणि परवानग्या करणाऱ्या ‘जेओमेत्रा’ची फी तुमची. छत, नळ, वीज, सांडपाणी, सगळं नव्यानं. अनेक घरांना वारसदार पाच-सहा, त्यातले दोघे अर्जेंटिनात, तेव्हा सगळ्यांच्या सह्या आहेत का हे पाहायचं. कोकणातल्या सामाईक घराच्या सातबाऱ्यावर सही मिळवायला फिरलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. साम्बूकानं २०१९ मध्ये १६ घरं एक युरोपासून लिलावात काढली, तेव्हा मागणी इतकी आली, की घरं शेवटी हजार ते पंचवीस हजार युरोंना गेली. दुरुस्तीचा खर्च त्यावर वेगळा, आणि तो हजारांत मोजायचा. ज्यांना खरंच घर हवं आहे असे जाणते लोक त्याच गावांत दहा-वीस हजार युरोंचं, छप्पर धड असलेलं घर घेतात. एकूण हिशोबात ते स्वस्त पडतं.

आपल्यासाठी यात आणखी दोन गाठी आहेत. पहिली: घर घेतलं म्हणून राहायचा हक्क मिळत नाही. इटलीत तुमच्या नावावर घर असलं तरी शेंगेन व्हिसावर तुम्ही ९० दिवसांचेच पाहुणे. दुसरी गाठ फारशी कुणी सांगत नाही. युरोपियन संघाबाहेरच्या, इटलीत न राहणाऱ्या माणसाला तिथे मालमत्ता घेताना परस्परतेचं तत्त्व लागू होतं, म्हणजे तुमच्या देशात इटालियन माणसाला तसा हक्क आहे का हे बघतात. भारतात परदेशी नागरिकाच्या घरखरेदीवर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचे निर्बंध आहेत. म्हणून अनामतीचे पैसे पाठवण्याआधी इटालियन नोटरीला हा प्रश्न लेखी विचारायचा.

घर घेऊन परवाना मिळवायचा जो महागडा रस्ता होता, तोही अरुंद होतोय. पाच लाख युरोंच्या मालमत्तेवर मिळणारा स्पेनचा गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. ग्रीसनं आपली अडीच लाख युरोंची पायरी बऱ्याच भागांत चार आणि आठ लाखांवर नेली. कारण स्थानिक राजकारणाचं आहे. मालागा, पाल्मा, बार्सिलोना इथे घरभाड्यांच्या विरोधात मोर्चे निघाले. बार्सिलोनानं तर पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या फ्लॅटचे दहा हजारांवर परवाने २०२८ पर्यंत संपवायचं ठरवलं आहे. बाहेरून पैसा घेऊन येणाऱ्यामुळे आपली मुलं गावात राहू शकत नाहीत, अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. मोठी शहरं टाळण्याचं हेही एक कारण. व्हॅलेन्सिया दहा वर्षांपूर्वी खरंच स्वस्त होतं. आता तिथे राहायची हौस असणाऱ्यानं कास्तेयोन, कार्ताखेना, मुर्सिया, आल्मेरिया ही नावं आधी पाहावीत.

सात टक्के कर, आणि इकडचा कर

स्पेनमध्ये वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी, आणि मग जगभरातल्या उत्पन्नाचा हिशोब तिथे द्यावा लागतो. इतर देशांतही नियम याच वळणाचे आहेत. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं आणि बँकेच्या ठेवीचं व्याजही त्यात आलं. भारताचे स्पेन, इटली, फ्रान्स, ग्रीस या सगळ्यांशी दुहेरी कर टाळण्याचे करार आहेत, त्यामुळे तोच कर दोनदा पूर्ण भरावा लागत नाही. पण तिकडचा दर जास्त असेल तर फरक भरावा लागतो, आणि विवरणपत्रं दोन देशांत द्यावी लागतात.

इटली आणि ग्रीस यांनी निवृत्तांना ओढण्यासाठी खास सवलत ठेवली आहे. इटलीत २०१९ पासून, परदेशी पेन्शन असलेला माणूस दक्षिणेतल्या छोट्या गावात राहायला आला, तर त्याच्या परदेशी उत्पन्नावर दहा वर्षं सरसकट ७ टक्के कर. सिसिली, सार्डिनिया, काम्पानिया, पुल्या, कालाब्रिया, बाझिलिकाता, मोलिझे, आब्रुत्सो हे भाग त्यात येतात. ग्रीसनं २०२० मध्ये असाच ७ टक्क्यांचा नियम केला, तो पंधरा वर्षांचा. सरकारी नोकरीच्या पेन्शनला मात्र बहुतेक करारांत वेगळं कलम असतं, त्याप्रमाणे ती पेन्शन देणाऱ्या देशातच करपात्र राहते. जिल्हा परिषदेतून किंवा मंत्रालयातून निवृत्त झालेल्यांनी हे कलम सनदी लेखापालाकडून वाचून घ्यावं. ७ टक्क्यांची जाहिरात त्यांना कदाचित लागूच होत नसेल.

इकडून पैसे नेण्याचाही खर्च आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, ती मर्यादा आपल्याला पुरून उरते. पण वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. स्पेनच्या जोडप्याचे छत्तीस लाख दोघांच्या खात्यांतून अर्धे-अर्धे पाठवले, तर प्रत्येकाचे आठ लाख मर्यादेच्या वर जातात. त्यावर १ लाख ६० हजार प्रत्येकी, दोघांचे मिळून ३ लाख २० हजार. हा जादा कर नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर अडकून राहतो, आणि पहिल्या वर्षी भाडं, अनामत, विमा, विमानतिकिटं सगळं एकदम येतं तेव्हाच. कायमचा मुक्काम हलला, की फेमाप्रमाणे तुम्ही अनिवासी होता. साधी बचत खाती एनआरओत, म्हणजे अनिवासींसाठीच्या खात्यांत, बदलावी लागतात आणि पैसे पाठवायचे नियमही मग वेगळे लागतात.

गोव्याची गोष्ट

आतापर्यंतच्या सगळ्या अटी ज्यांना लागत नाहीत असे लोक आपल्या शेजारीच आहेत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा, दमण, दीव मुक्त झाले. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालच्या कायद्यानं पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद केली, की पुढचा रस्ता उघडतो. पोर्तुगाल अटलांटिकवर आहे, भूमध्य समुद्राला त्याचा किनारा लागत नाही. पण त्या पासपोर्टवर माणूस युरोपियन संघाचा नागरिक होतो, आणि मग आल्मेरिया असो की सिसिली, राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. काम न करणाऱ्यानं तीन महिन्यांनंतर पुरेसे पैसे आणि आरोग्यविमा दाखवायचा, इतकंच. पूर्वी गोव्यातून निघालेली बरीच माणसं याच पासपोर्टवर थेट इंग्लंडला, स्विंडनसारख्या गावांत जात. ब्रेक्झिटनंतर २०२० अखेर ते दार बंद झालं.

किंमत आहेच. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं, की भारतीय नागरिकत्व संपतं: मतदान गेलं, सरकारी नोकरी गेली, आणि राहिलं ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं. नुसती लिस्बनला नोंद झाली म्हणजे नागरिकत्व गेलं का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहेत आणि निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांनाही त्याचा फटका बसला आहे. सिंधुदुर्गात ज्यांच्या आजीचं माहेर पेडण्याला किंवा डिचोलीला होतं, असे मराठी लोक कमी नाहीत. त्यांनी हा कागद शोधण्याआधी, तो मिळाला तर काय सोडावं लागेल हे घरात बसून बोलावं.

तिथे पोचल्यावर

तुर्कीबद्दल थोडक्यात. आंताल्या, फेतिये सुंदर आणि एके काळी फार स्वस्त. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली अधिकृत महागाई ८५ टक्क्यांवर गेली होती, आणि त्याच वर्षी सरकारनं ज्या वस्त्यांत परदेशी लोक २० टक्क्यांहून जास्त आहेत तिथे नव्या परदेशी नोंदी बंद केल्या. राहण्याचे परवाने नाकारले जाण्याचं प्रमाण वाढलंय. तुर्कीनं पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं थांबवलं, ती हवाही अजून पुरती निवळलेली नाही. मी तरी आज तुर्कीत घर शोधणार नाही. माल्टा आणि सायप्रस इथे इंग्रजी चालतं, गाड्याही आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात, पण माल्टा आता स्वस्त राहिलेला नाही आणि सायप्रसमध्ये लिमासोलपेक्षा लार्नाका-पाफोसकडे पाहावं लागतं.

हवेचा गैरसमज मात्र मोठा आहे. भूमध्य समुद्र म्हटलं की आपल्याला ऊन आठवतं, म्हणून हिवाळ्याचा विचारच होत नाही. बाहेर १२ अंश आणि घरातही १२ अंश, अशी जानेवारीतली अवस्था दक्षिण इटली-स्पेन-अल्बेनियाच्या जुन्या घरांत सर्रास असते. दगडी भिंती, फरशी, सगळ्या घराला ऊब देणारी यंत्रणा नाही, आणि भिंतीला ओल. विजेच्या हीटरचं बिल भाड्याच्या बचतीला खाऊन टाकतं. उन्हाळ्यात उलट टोक. ऑगस्ट २०२१ मध्ये सिसिलीत सिराकुझाजवळ ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं, तो युरोपचा उच्चांक आहे. २०२४ च्या दुष्काळात सिसिलीच्या आतल्या भागात, म्हणजे नेमक्या त्या स्वस्त घरांच्या पट्ट्यात, नळाला पाणी दिवसांच्या अंतरानं येत होतं. घर बघताना छतावर टाकी आहे का, किती लिटरची, हा प्रश्न तिथेही विचारायचा. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हॅलेन्सियाजवळ आलेल्या पुरात दोनशेवर माणसं गेली, तेव्हा कोरड्या दिसणाऱ्या नदीच्या पात्राजवळचं स्वस्त घर का स्वस्त आहे, तेही.

आरोग्याचा खर्च वयावर जातो. स्पेनमध्ये व्हिसासाठी पूर्ण खासगी विमा लागतो, आणि सत्तरीच्या पुढे तो मिळणंच अवघड. एक वर्ष तिथे राहिलात की पैसे भरून सरकारी आरोग्यसेवेत शिरता येतं: ६५ वर्षांखालच्यांना महिना ६० युरो, वरच्यांना १५७. इटलीतही असं पैसे भरून नाव घालता येतं, पण त्याची किमान रक्कम २०२४ मध्ये वर्षाला ३८७ युरोंवरून एकदम २,००० झाली. जुने लेख अजून ३८७ च सांगतात.

खाण्याचं त्या मानानं सोपं. हरभरे, मसूर, चवळी, वांगी, भेंडी, पालेभाज्या हे सगळं तिथल्याच जेवणातलं आहे. शाकाहाऱ्याला उत्तर युरोपपेक्षा इथे बरं. इटलीतल्या मोठ्या शहरांत बांगलादेशी दुकानांत कोथिंबीर, हळद, तूरडाळ मिळते. छोट्या गावात इंग्रजी मात्र चालत नाही, आणि वीजबिलाच्या तक्रारीसाठी दर वेळी शेजाऱ्याचा मुलगा मोकळा नसतो.

शेवटी मराठी माणसाची स्वतःची अशी एक अडचण: नाव. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये, लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मध्ये आणि आडनाव सासरचं, कुठे पाळण्यातलं नाव, कुठे लग्नात बदललेलं. स्पेन, इटली आणि ग्रीसमध्ये बायकांचं कायद्यातलं नाव लग्नानं बदलत नाही. तिथल्या अधिकाऱ्याला जन्मदाखल्यावरची बाई आणि पासपोर्टवरची बाई एकच आहे हे पटवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्र, प्रतिज्ञापत्र असं सगळं लागतं, आणि प्रत्येकावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय मारतं तो शिक्का. त्याआधी महाराष्ट्र शासनाचं साक्षांकन, आणि त्यानंतर त्या देशाला मान्य असलेल्या अनुवादकाकडून भाषांतर. पोलीस पडताळणीच्या दाखल्याची मुदत थोड्या महिन्यांची असते, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढायचा. जन्मदाखला मात्र सगळ्यात आधी. १९६० च्या दशकात खेड्यात जन्मलेल्या कित्येकांची नोंदच ग्रामपंचायतीत नसते, आणि उशिराची नोंद करून घ्यायला तहसीलचे हेलपाटे घालावे लागतात. त्या काळात साधा शेंगेन व्हिसा काढून जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन थंडीत, निवडलेल्या गावात सहा आठवडे भाड्यानं राहून यावं.